आईच्या नावाचा भरणा

रविवारी सकाळी मावशी आधी आईची शाल अंगावर घ्यायची आणि मगच फोनपाशी बसायची. फोनवरून शाल दिसत नाही, हे सांगून सांगून माझ्या जिभेला फोड यायचे बाकी होते. तिचं आपलं एकच, "शाल घेतली की आवाज बसतो गं." मग ती खोकून बघायची, अगदी आईसारखं. आधी कोरडं, मग खोलातून, आणि शेवटी एक बारीक "हं", म्हणजे खोकल्यालाच दटावल्यासारखं, की बास आता. मी पाठमोरी बसून शिलाई मशीन पुसत राहायचे. ती खोकली की माझा हात थांबायचा.

आईला जाऊन तेव्हा अर्धं वर्ष उलटलं होतं. तुरुंगात असलेल्या माझ्या धाकट्या भावाला मात्र ते माहीत नव्हतं.

त्याचं घरातलं नाव बोका. लहानपणी दुधाच्या भांड्याशी कधी आला नि कधी गेला, कळायचं नाही म्हणून आईने ठेवलेलं. मोठेपणीही त्याची ती सवय गेली नाही. दुसऱ्याच्या गोदामातला माल रातोरात हलवताना पकडला गेला आणि आत गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. केलं तसं भरलं. माझं म्हणणं एवढंच की निकालात वर्षं लिहिली होती, डोळा लिहिला नव्हता.

डोळा गेला तुरुंगाच्या धुलाईखान्यात. तिथे उकळत्या पाण्याच्या टाक्यांमध्ये कॉस्टिक सोडा टाकून चादरी धुतात. डोळ्यांना लावायला चष्मे असतात, पण ते पाहणीला साहेब येतात त्या दिवशी कपाटातून निघतात. एका दुपारी टाकी उसळली. डावा डोळा जागच्या जागी गेला, उजव्यावर पडदा धरायला लागला. बाहेरच्या दवाखान्यात नेऊन शस्त्रक्रिया केली तर उजवा वाचेल, असं तुरुंगाच्या डॉक्टरनेच लिहून दिलं होतं. नेणार कोण? आज गाडी नाही, उद्या पहारेकरी नाही.

दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून तो तुरुंगाच्या दवाखान्यात पडला होता, त्याच आठवड्यात आई गेली. स्वयंपाकघरात गॅसपाशी उभी होती, खोकली, आणि खाली बसली ती बसलीच. मी पुढच्या खोलीत होते. ती खोली म्हणजे माझं दुकान. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, फाटलेलं सांधायचं. चहा का येत नाही म्हणून मी तिथूनच ओरडले, "आई, दूध आणायला गोठ्यात गेलीस का?" हे माझं आईशी शेवटचं बोलणं.

डॉक्टर म्हणाले, पट्ट्या आहेत तोवर त्याला रडू देऊ नका, जखमेला पाणी चालणार नाही. म्हणून नाही सांगितलं. पट्ट्या निघाल्यावर सांगू, असं ठरलं. ठरवायला होतं कोण, मी आणि मावशी. मावशी आईची धाकटी बहीण. एकटा जीव, अंत्यविधीला आली ती राहिलीच. मग एका रविवारी मी दुकानात गिऱ्हाइकाची मापं घेत असताना फोन वाजला आणि तिने उचलला. दोघी बहिणींचा आवाज पहिल्यापासून सारखा. पलीकडून बोका म्हणाला, "आई, बरी आहेस ना गं?"

आता यावर बहिणीच्या घरात उभी असलेली बाई काय म्हणेल? "बरी आहे रे," ती म्हणाली.

झालं. तोंडातून गेलं ते गेलं. मी तिला खूप बोलले. ती मान खाली घालून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तू नव्हतीस ना फोनवर. त्याचा आवाज कसा निवला ते तू ऐकलं नाहीस." पुढच्या रविवारी सांगू म्हणत म्हणत रविवारांची रांग लागली.

आईचा फोटो मोठा करून आणला होता, तोही भिंतीवर लागेना. "फोटो वरून बघत असेल तर मला फोनवर बोलता यायचं नाही," मावशी म्हणाली. फोटो कपाटात पालथा पडला. आई गेल्यावर मी नीट रडलेसुद्धा नाही, कारण आमच्या घरात ती नीट गेलीच नव्हती. तिचा चष्मा फोनशेजारी होता, चपला दाराशी होत्या. मावशीचा खोकला हळूहळू सोमवारी, मंगळवारीही ऐकू यायला लागला. एकदा दुपारी मी काजं करत बसले होते. आत खोकला झाला, कोरडा, मग खोल, मग "हं". मी म्हटलं, "मावशी, पाणी पी." आणि तेवढ्यात मावशी भाजीची पिशवी घेऊन पुढच्या दाराने घरात आली. मी सुई कापडात खोचून ठेवली आणि त्या दिवशी पुढे कामच केलं नाही. मावशीला यातलं काही बोलले नाही. तिला सांगितलं असतं तर ती घाबरली नसती, खूश झाली असती, आणि मला तेच नको होतं.

राहता राहिले पैसे. कैद्याच्या खात्यात कोणीही पैसे टाकू शकत नाही. आधी नाव नोंदवावं लागतं, मग पोलीस घरी येतात, मग पत्ता तपासतात, मग महिने जातात. आमच्या घरातून एकच नाव नोंदलेलं होतं, आईचं. साबण, टूथपेस्ट, चहाची पूड यासाठी ती दर महिन्याला थोडे पाठवायची. ती गेल्यावर मी तिच्याच नावाने भरणा करत राहिले. खिडकीतला बाबू विचारायचा, "आई येत नाहीत हल्ली?" मी म्हणायचे, "गुडघे." मावशी तर माझ्या रकमेत स्वतःच्या पेन्शनमधले घालायची. "आई हात आखडता घेतेय असं त्याला वाटायला नको," म्हणायची. जिवंतपणी आईला जमलं नाही तेवढं ती मेल्यावर पाठवायला लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती अशी.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

डोळ्यासाठी बोक्याने आतूनच तुरुंगावर दिवाणी दावा लावला. बाहेरच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करा आणि गेलेल्या डोळ्याची भरपाई द्या. आता भरपाई जितकी मागाल, त्या हिशोबाने कोर्टाला फी आधी भरायची. त्याच्याकडे तेवढे कुठले? म्हणून फी माफ करा असा अर्ज. मोफत मदतीतून मिळालेल्या वकीलबाई आमच्या दुकानात येऊन मला हे सगळं समजावून गेल्या. अर्ज मंजूर झाला तर दावा उभा राहणार. नामंजूर झाला आणि फी भरली नाही, तर दावा तिथेच संपणार. पुन्हा लावायचा म्हटलं तर मुदत निघून गेलेली असणार, आणि तोवर उजवा डोळाही.

"काळजी करू नका," त्या म्हणाल्या होत्या. "कैद्याकडे काही नसतं, हे कोर्टाला माहीत असतं."

पण त्याच्याकडे होतं. वकीलबाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी होती. तुरुंगाच्या बाजूच्या वकिलाने खात्याचा उतारा दिला होता. दर महिन्याला आईकडून रक्कम, तीही वाढत गेलेली, आणि त्यातलं काहीच खर्च नाही. हा गरीब कसला, असं त्यांचं म्हणणं. बाहेर खमकी आई आहे, ती फी भरू शकते. न्यायाधीशांनी पुढच्या तारखेला आईला हजर राहून स्वतःची परिस्थिती सांगायला फर्मावलं होतं.

"येतील ना त्या?" वकीलबाईंनी विचारलं.

आतून खोकला आला. तो मावशीचाच होता, मी आधी डोकावून खात्री केली.

"वकीलबाई," मी म्हटलं, "आईला तुमच्या कोर्टात आणायचं तर खूप लांबून आणावं लागेल."

मग सगळं सांगितलं. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. नंतर हळूच म्हणाल्या, "मृत्यूचा दाखला आहे? मग अर्जाचं काम सोपं आहे. आई नाही म्हणजे आधार नाही. नंतरचे पैसे तुम्ही भरलेत हे तुम्ही उभं राहून सांगायचं. नोंद नसताना भरलेत म्हणून साहेब रागावतील थोडे, पण माफी मिळेल." मग म्हणाल्या, "पण अर्ज तुमच्या भावाचा आहे. ते तुरुंगातून व्हिडिओच्या पडद्यावर हजर असणार. ऐकणार."

आई मेल्याचा आमच्या घराला एवढा एकच उपयोग होणार होता, आणि तो पदरात पाडून घ्यायचा तर आईला त्याच्या देखत पुन्हा मारावं लागणार होतं. मी त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची पँट चार बोटं जास्त आखूड केली.

मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "मी जाते की. शाल घेऊन. त्याला तरी कुठे नीट दिसतंय?"

"मावशी, शपथ घ्यायला लावतात तिथे."

"बहिणीसाठी खोटी शपथ घेतली तर काही आभाळ कोसळत नाही."

"आणि तुला आत टाकलं तर रविवारी फोन कोण घेणार? तुम्ही दोघं आतल्या आत बोलणार का?"

ती हसली नाही. मीही हसवायला म्हणून बोलले नव्हते.

भेट मिळाली असती तर जाळीशी बसून सांगितलं असतं. पण तुरुंगात कांजिण्यांची साथ होती, भेटी बंद होत्या. राहिला तारखेआधीचा रविवार. त्या दिवशी मी मावशीला फोनला हात लावू दिला नाही. आधी ती रेकॉर्ड केलेली बाई बोलते, हा फोन कारागृहातून आहे, संभाषण ऐकलं जाऊ शकतं वगैरे. मग तो आला.

"ताई? आईला दे."

"थांब. आधी माझ्याशी बोल. तुला एक सांगायचंय."

"कोर्टातच सांग गं. फोन आत्ता तुटेल. आईला दे ना. तिला सांगायचंय की पडद्याच्या जवळ बस. उजवीकडून. उजवीकडून अजून दिसतं मला, कडा तेवढ्या. तिला बघून किती दिवस झाले."

मावशी समोर शाल घट्ट धरून उभी होती. मी फोन तिच्या हातात दिला. दिला, कारण दुसरं काही सुचलं नाही, आणि मला वाटतं कोणालाच सुचलं नसतं.

"हो रे," ती म्हणाली. "उजवीकडे बसेन."

कोर्टाची खोली लहान होती. वर पंखा, भिंतीला एक टीव्ही, त्यात तुरुंगातली खोली. आम्ही गेलो तेव्हा पडद्यावर नुसती खुर्ची होती. मग त्याला आणून बसवलं. केस कापलेले, डावी पापणी शिवल्यासारखी मिटलेली. तो मान वाकडी करून, कोंबडं दाणा बघतं तसा, पडद्याकडे बघत होता. मावशी शाल घेऊन आली होती. मी शाल राहू दिली, पण तिला उजवीकडे बसू दिलं नाही.

न्यायाधीश वयस्क होते. आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी आधी त्यालाच विचारलं, "तुमच्या खात्यात पैसे साठलेत. दर महिन्याला येतात, तुम्ही खर्च करत नाही. साबणसुद्धा घेतलेला दिसत नाही. का?"

"आईचे आहेत ते, साहेब."

"तुमच्या खात्यात आहेत."

"तिच्या औषधाचे ती मला पाठवते. खोकला आहे तिला. फोनवर ऐकतो ना मी, वाढलाय. म्हणून हात नाही लावला. सुटलो की तिचीच तपासणी करायची त्यातून."

तुरुंगाच्या बाजूचा वकील काहीतरी लिहीत होता, तो थांबला. मावशीने तोंडावर शाल धरली. मला एकदम मावशीचा राग आला, माझा आला, आणि सगळ्यांत जास्त आईचा आला, की मेली ती सरळ मेली, हे सगळं आमच्या गळ्यात टाकून.

"आई आल्या आहेत का?" न्यायाधीशांनी विचारलं.

पडद्यावर तो पुढे झुकला. इतका पुढे, की त्याचा चांगला डोळा आणि अर्धं कपाळ तेवढं दिसायला लागलं. माझ्या शेजारी हालचाल झाली. मावशी उठत होती. मी तिची शाल खाली ओढली आणि स्वतः उभी राहिले.

मी काय बोलायचं ते घरून पाठ करून गेले होते. त्यातलं काही आठवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, आई वारली. त्याच्या डोळ्यावर पट्ट्या होत्या तेव्हाच. पैसे मी भरत होते, तिच्या नावाने. मी पँटी आखूड करते साहेब, माझ्याकडे फी नाही. तिच्याकडेही नव्हती." मग मी पडद्याकडे वळले. "बोक्या, आई गेली रे."

तो हलला नाही. मला वाटलं आवाज पोचला नाही, मशीन बिघडलं. तेवढ्यात तो बोलला, कोर्टाशी नाही, कोणाशीच नाही.

"मग रविवारी कोण बोलायचं?"

मावशी उभी राहिली. तिला आता स्वतःच्या आवाजात बोलायचं होतं, हे तिने मला नंतर शपथेवर सांगितलं. पण इतके महिने दुसऱ्याचा आवाज वापरून तिचा तिला सापडेना. "मी रे, बोक्या," ती म्हणाली, आणि ती हुबेहूब आई होती. खोकलीसुद्धा. शेवटचा "हं" सुद्धा.

पडद्यावर त्याने चांगला डोळा मिटून घेतला.

तुरुंगाच्या वकिलाने उभं राहून सांगितलं की माफीला त्यांची हरकत नाही. न्यायाधीशांनी फी माफ केली. डोळ्याचं काम थांबायचं नाही म्हणून शस्त्रक्रियेचा हुकूम लगेच केला. मला नोंदणी करून घ्यायला सांगितलं. रागावले नाहीत. आणखी काय हवं होतं? वकीलबाईंनी माझा हात दाबला. मी पडद्याकडे बघितलं तर पुन्हा नुसती खुर्ची होती.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मावशीने शाल धुतली, वाळवली, घडी घालून कपाटात ठेवली आणि तिथला फोटो काढून माझ्या हातात दिला. मी खिळा ठोकला. फोटो लावून खाली उतरले आणि तेव्हा कुठे रडले, जमिनीवर बसून, वेड्यासारखी. मावशी जवळ आली नाही. थोड्या दिवसांनी ती आपली पिशवी भरून तिच्या घरी गेली. जाताना म्हणाली, "माझा आवाज ऐकून तुलाही त्रासच होतोय." खरंच होत होता. मी तिला थांब म्हटलं नाही.

घर एकदम रिकामं झालं. खोकला गेला. मी मुद्दाम दुपारी मशीन बंद करून ऐकत बसायचे. नळ टपकायचा, रस्त्यावरून गाड्या जायच्या, दुसरं काही नाही.

मग एका रविवारी फोन वाजला.

ती रेकॉर्ड केलेली बाई बोलली. मग तो. म्हणाला, शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, गाडी मिळाली, पहारेकरीसुद्धा मिळाला. मी म्हटलं, "बघ, काढलास ना तुरुंगाला घाम." तो जरासा हसला. मावशी कशी आहे विचारलं. मी म्हटलं, "तिच्या घरी गेली, बरी आहे." मग बोलायचं संपलं. आम्हा बहीणभावांना फोनवर बोलायची सवयच नव्हती. मधे कायम कोणीतरी असायचं.

"ताई," तो एकदम म्हणाला, "मागे कोण खोकतंय?"

मी वळून बघितलं. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघराचं दार दिसतं, दारातून गॅस दिसतो. तिथे कोणी नव्हतं. मी कान दिला. मशीन बंद होतं, नळही त्या दिवशी टपकत नव्हता. मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"कोणी नाही रे. मी एकटी आहे घरात."

"खोकतेय की. आता 'हं' म्हणाली." त्याचा आवाज शांत होता, लहानपणी झोपेतून उठल्यावर असायचा तसा. "आईला दे."

कोर्टात उभी राहून मी ज्याला सांगितलं होतं, तोच मागत होता. त्याला समजावता आलं असतं. रागावता आलं असतं. मी उठले, स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि हात लांब करून फोन गॅसच्या दिशेने धरला. आई उभी राहायची तिच्या कानाच्या उंचीला. किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. हात भरून आला, पण खाली घेतला नाही. आई फोनवर पहिलं काय विचारायची ते मला तेव्हा आठवलं. जेवलास का. मावशीने आईचं सगळं उचललं होतं, खोकला, हाक, बोलायची ढब, पण एवढं सांगायचं राहिलं होतं, आणि तिने ते कधीच विचारलं नव्हतं.

लांबवर धरलेल्या फोनमधून त्याचा आवाज बारीक येत होता.

"हो," तो म्हणत होता. "जेवलो. हो गं, पोटभर जेवलो."